प्लेटलेट्स वाढल्या? आधी लोह बघा!

प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याला आठवतो डेंग्यू. पावसाळा, ताप, 'काउंट किती आला?' असे फोन आणि शेजारच्या काकूंनी आणून दिलेला पपईच्या पानांचा रस! प्लेटलेट्स कमी झाल्या की घाबरायचं, एवढं आपल्याला पाठ असतं. पण वाढल्या तर?

माझ्या वाढल्या होत्या. ५ लाख ६० हजार. लॅबची वरची मर्यादा साडेचार लाख, म्हणून आकडा चांगला ठळक छापलेला. रिपोर्ट मोबाइलवर आला शुक्रवारी संध्याकाळी, डॉक्टरांची वेळ मिळाली सोमवारची. मधले दोन दिवस मी आणि इंटरनेट! 'ब्लड कॅन्सर' हे शब्द तिसऱ्याच ओळीत भेटले. रात्री आईचा फोन आला तेव्हा 'मी मजेत' म्हणताना घसा कोरडा पडला होता.

सोमवारी डॉक्टरबाईंचं बोट मात्र भलत्याच ओळीवर थांबलं. हिमोग्लोबिन ८.९. बायकांचं ते किमान १२ हवं. लाल पेशीही आकाराने लहान. 'पाळीत रक्तस्राव जास्त होतो का गं? जिना चढताना दम लागतो?' दोन्हींचं उत्तर हो. वर्षभर सगळे ज्याला डेडलाइनचा थकवा म्हणत होते, त्याचं खरं नाव होतं अॅनिमिया. मग फेरिटिनची टेस्ट झाली. आकडा आला ६. म्हणजे लोहाची तिजोरी साफ रिकामी!

पण लोह कमी आणि प्लेटलेट्स जास्त, हे गणित काय? तर लाल पेशी आणि प्लेटलेट्स या सख्ख्या बहिणी. अस्थिमज्जेतल्या एकाच मूळ पेशीपासून दोघी तयार होतात. हिमोग्लोबिन बनवायला लोह लागतं. त्याचा तुटवडा पडला की मूळ पेशींचा कल प्लेटलेट्सकडे झुकतो, असं २०१९ मध्ये 'ब्लड' या वैद्यकीय नियतकालिकातल्या संशोधनाने दाखवलं. अर्थात प्रत्येकाच्या वाढतातच असं नाही, लोह फारच घटलं तर क्वचित कमीही होतात. आणि जंतुसंसर्ग, सूज अशी वाढीची इतरही कारणं असतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं.

मला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि एक कडक अट: गोळीच्या आगेमागे चहा नाही, लिंबूपाणी चालेल. सहा आठवड्यांनी प्लेटलेट्स ३ लाख ४० हजार! त्या उतरल्या नसत्या, तर पुढच्या तपासण्या ठरलेल्या होत्या. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने चालल्या, कारण तिजोरी भरायला वेळ लागतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांना अॅनिमिया आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या दर दोन मैत्रिणींमागे साधारण एक. तेव्हा मैत्रिणींनो, रिपोर्टमधल्या एकाच ठळक आकड्यावर झोप उडवू नका. वरच्या दोन ओळीही वाचा. आणि 'नुसता थकवा आहे गं' असं कुणी म्हणालं, तर तिला सीबीसी करायला पाठवा!