धांड्यांची गाडी

कोकणातली मुले शंखशिंपले वेचून खेळणी करतात. आमच्या वाशीमला समुद्र कुठला! वाकाटकांच्या राजधानीचा मान या वत्सगुल्माला मिळाला, पण समुद्र काही लाभला नाही. आमच्या मुलांचा किनारा म्हणजे पैनगंगेचा काठ नि ज्वारीचे शेत. पोळ्याला चिकणमातीचे बैल व्हायचे. ज्वारी सोंगली की धांडे सोलायचे. आतल्या पांढऱ्या गराची चाके, सालपटांच्या काड्या. ना खिळा, ना डिंक, बैलगाडी तयार! कोजागिरीला भुलाबाईचे मखरही पाच धांड्यांचेच.

परवा वर्गात हे सांगत होतो, तर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण धांडे आणायचे कुठून?”

प्रश्न खरा होता. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली. त्याने घरात चार पैसे आले, हे नाकारू कसे? पण त्याच्या बारक्या, कडक काडीची चाके होत नाहीत. पोरांच्या हाती आता बाजारातली प्लॅस्टिकची गाडी आहे. ती मोडली तर दुरुस्त करण्याची विद्या मात्र हाती नाही.

म्हणून शेतकरी मित्रांना मी सांगत असतो : बांधालगत ज्वारीची एक तरी ओळ पेरा. कणसे पाखरे खातील. धांडे पोरांना राहतील.