अर्धी चांगली चिप

पावसाळ्यात मी सोल्डरिंगचं काम जवळजवळ बंद ठेवतो. लोणावळ्याची हवाच तशी. बोर्डावरचा फ्लक्स कितीही पुसला तरी चिकटपणा जात नाही, कनेक्टरवर हिरवट थर धरतो आणि जुन्या कॅसेटच्या रिळांना कडेने पांढरी बुरशी लागते. चपलांना, कमरेच्या पट्ट्यांना आणि पुस्तकांना बुरशी येणं इथल्या कुठल्याच घराला नवीन नाही. माझ्या घरात त्यात चाळीस वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश संगणकांची भर आहे, एवढंच. ते एका लाकडी कपाटात असतात आणि कपाटाच्या तळाशी कमी वॅटचा पिवळा बल्ब सतत चालू असतो. लेन्स जपणारे फोटोग्राफर हेच करत आले. सिलिका जेलच्या पुड्याही टाकतो, पण खरा भरवसा बल्बवरच. लाईट गेली की तो भरवसाही जातो, आणि घाटमाथ्यावर जुलैत लाईट कशी आणि किती वेळ जाते ते मावळातल्या माणसाला सांगायला नको.

हा नाद मला लहानपणच्या आठवणींतून लागला असं लोक धरून चालतात. तसं काही नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरी टीव्हीसुद्धा उशिराच आला. हे संगणक हातात आले ते नोकरी लागल्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात, पितळी नळ आणि बंद पडलेले व्होल्टमीटर यांच्या शेजारी फडक्यावर मांडलेले. ‘गेले ते दिवस’ म्हणून उसासे टाकायला ते दिवस माझे कधी नव्हतेच.

आणि ‘ब्रिटिश’ तरी किती म्हणायचे? सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम 23 एप्रिल 1982 रोजी इंग्लंडमध्ये आला. 16 केबी स्मृतीचा 125 पौंडांना, 48 केबीचा 175 पौंडांना. पुढे त्याचीच सुधारित आवृत्ती, स्पेक्ट्रम प्लस, परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने बाजारात आणली. म्हणजे केंब्रिजमध्ये आखलेलं यंत्र लोणावळा लोकलच्या दुसऱ्या टोकाला विकलं जात होतं. दुसरा रस्ता शाळांचा. 1984 मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला सुमारे 250 शाळांमध्ये एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो बसवले. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांनी पहिला संगणक पाहिला तो हा. चपला बाहेर काढून, वातानुकूलित खोलीत, एका यंत्रासमोर चारचार जण. त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली एआरएम चिप 1985 च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा चालली, आणि तिच्या वंशातली चिप आता जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. बीबीसी मायक्रो भक्कम, सुबक, शहाणा. माझा जीव मात्र स्पेक्ट्रमवर, कारण त्याच्यातली काटकसर उघडी दिसते.

वलवणकडचा एक भंगारवाला मला ओळखतो. मुंबईकरांचे बंगले विकले जातात, माळे रिकामे होतात, तेव्हा काही विचित्र हाती लागलं की तो फोन करतो. एकदा म्हणाला, ‘‘काका, कीबोर्ड मिळालाय चांगला, पण त्याचा कॉम्प्युटर काही सापडेना. वॉचमनला पण विचारलं.’’ मी जाऊन पाहिलं तर तो कीबोर्ड म्हणजेच कॉम्प्युटर होता. अख्खं यंत्र कळांच्या खाली. पडदा घरच्या टीव्हीचा, साठवण घरच्या टेपरेकॉर्डरवर. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने भाव वाढवला, आणि ते रास्तच होतं.

पाच स्क्रू काढले की झाकण उघडतं आणि हातात येतो तो एकच बोर्ड. झेड80 हा प्रोसेसर, 3.5 मेगाहर्ट्झवर चालणारा. 16 केबीचा रॉम. फेरांटीची एक खास चिप, जी चित्र, आवाज, टेप आणि कळा अशी चार माणसांची कामं एकटी करते. आणि स्मृतीच्या चिपा. त्यांपैकी वरच्या 32 केबीची गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तिथे बऱ्याच बोर्डांवर ज्या चिपा आहेत त्या मुळात 64 किलोबिटच्या, पण कारखान्यात तपासताना त्यांचा एक अर्धा भाग खराब निघालेला. सिंक्लेअरने त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा तेवढा वापरला. कुठला अर्धा चांगला, वरचा की खालचा, हे बोर्डाला सांगण्यासाठी तारेचा एक बारकासा तुकडा या भोकात किंवा त्या भोकात जोडलेला असतो. मोठ्या कंपनीने टाकून दिलेल्या मालावर एका पिढीने प्रोग्रामिंग शिकून घेतलं. मंडईत संध्याकाळी वाटे लावून दिलेली भाजी घेणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

आता दुरुस्तीबद्दल. बंद पडलेला स्पेक्ट्रम जोडला आणि पडद्यावर नुसते उभे पट्टे आले, की मी आधी चिपा बदलत नाही, व्होल्ट मोजतो. खालच्या 16 केबीच्या चिपांना तीन वेगवेगळे दाब लागतात. मल्टिमीटरची काळी पिन बोर्डाच्या ग्राउंडला, लाल पिन चिपेच्या नवव्या पायावर: पाच व्होल्ट. आठव्यावर: बारा. पहिल्यावर: उणे पाच. बहुतेक वेळा हा तिसरा आकडा गायब असतो. अडॅप्टरमधून येतात फक्त नऊ व्होल्ट. बारा आणि उणे पाच तयार करण्याचं काम एक छोटी कॉइल आणि तिच्याजवळचे दोन ट्रान्झिस्टर करतात. त्यांतला टीआर 4 असं लिहिलेला ट्रान्झिस्टर हा या यंत्राचा दुखरा गुडघा. तो गेला की उणे पाच जातात, आणि उणे पाच नसताना बारा मिळत राहिले तर स्मृतीच्या चिपाही एकेक करत मरतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वीज दुरुस्त, मग स्मृती. नुसत्या चिपा बदलून ‘झालं’ म्हणणारा माणूस आठवड्याने पुन्हा दारात येतो. या ट्रान्झिस्टरला चालणारे पर्याय पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधले तर मिळतात, फक्त दुकानदाराला क्रमांक लिहून द्यायचा, तोंडी सांगायचा नाही.

या यंत्राचं टिकून राहिलेलं आकर्षण मला इथेच दिसतं. ते एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावतं. माझ्या लॅपटॉपमध्ये काय बिघडलं हे मला कधीच कळत नाही. कळतं ते इतकंच की मदरबोर्ड बदलावा लागेल. स्पेक्ट्रममध्ये कुठला पाय कुठे जातो हे कागदावर आहे, आणि पडद्यावर जे दिसतं त्याचं कारण बोटाने दाखवता येतं. दोन रंगीत आकृत्या एकमेकींवर गेल्या की रंग एकमेकांत घुसतात. का? चित्राच्या ठिपक्यांना 6144 बाइट आणि रंगांना फक्त 768. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात एक शाईचा रंग, एक कागदाचा, संपलं. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर स्मृतीचा मोठा हिस्सा चित्रातच गेला असता. खेळ लिहिणाऱ्यांनी हे दुखणं ओळखून आकृत्या आखल्या, कुणी सरळ एकरंगी चित्रं काढली. अडचण इतकी स्पष्ट असली की तिच्याशी भांडायलाही मजा येते.

टेपवरून खेळ भरताना तर हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. आधी लांब शिट्टी आणि पडद्याच्या किनारीला लाल-आकाशी पट्टे, मग खरखर आणि निळे-पिवळे. चित्र वरून खाली सलग येत नाही. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात आधी दर आठवी ओळ, मग तिच्या खालची. ठिपक्यांच्या पत्त्यांची मांडणी अशी केली आहे की अक्षर काढताना प्रोसेसरला एका छोट्या सूचनेत खालच्या ओळीवर उतरता येतं. शेवटी 768 बाइट येतात आणि काळ्या-पांढऱ्या चित्रात सर्रकन रंग भरतात. पूर्ण 48 केबी भरायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. चौथ्या मिनिटाला लाईट गेली तर पहिल्यापासून.

कॅसेट भरत नसेल तर बहुतेकदा दोष टेपचा नसतो, टेपरेकॉर्डरच्या हेडचा असतो. आधी कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसायचं. मग हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू, खेळ वाजत असतानाच, केसाएवढा फिरवायचा आणि कानाने ऐकायचं. आवाज बोदा असतो तोवर काही खरं नाही. तो एकदम टोकदार, कानाला बोचणारा झाला की थांबायचं. हे शिकवता येत नाही असं काही जण म्हणतात. येतं. माझ्या भाच्याला एका संध्याकाळी आलं.

हल्ली हे सगळे खेळ फोनवरही चालतात, तेही फुकट. अनुकरण करणारी सॉफ्टवेअर उत्तम आहेत आणि मी ती वापरतो. कॅसेटमधला मजकूर खरा उतरला का हे तपासायला त्यांच्यासारखं साधन नाही. पण शिवणकामाचे, शेअर बाजाराचे, हिशेबाचे प्रोग्राम कुणीतरी घरी लिहून टेपवर ठेवले आहेत, ते कुठल्याही संग्रहात नाहीत. एका कॅसेटवर निळ्या शाईत ‘भिशी’ एवढंच लिहिलेलं होतं. आत खरोखरच भिशीचा हिशेब निघाला, हप्ते चुकवणाऱ्यांच्या नावापुढे चांदणी छापणारा. खेळांपेक्षा मला या टेपांची घाई जास्त आहे, कारण बुरशी भेदभाव करत नाही.

तेव्हा कुणाच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर मे महिन्यातच खाली उतरवा. कॅसेटवर पांढरं दिसलं तर ती वाजवू नका, बुरशी हेडला लागून दुसऱ्या कॅसेटवर जाते. आणि घरातला कुठलाही नऊ व्होल्टचा अडॅप्टर लावून ‘चालतंय का बघू’ म्हणू नका. आताच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये मधली पिन धन असते, स्पेक्ट्रमला ती ऋण लागते. टीआर 4 तेवढ्यानेही जातो.