कानाचं ऐकू नये

गेल्या आठवड्यात मध्यरात्री वीज गेली. पाणी प्यायला उठलो. ही म्हणाली, "अहो थांबा, बॅटरी लावते. हात धरा माझा." मी म्हटलं, "चाळीस वर्षं राहतोय या घरात!" चार पावलांवर जमीन डावीकडे कलल्यासारखी वाटली, म्हणून उजवीकडे झुकलो आणि कपाटावर आदळलो. आवाज ऐकून ही अंधारात धावली आणि तिचा पाय मुरगळला.

डॉक्टर म्हणाले, "सर, आतल्या कानाचा दोष. एरवी डोळे सांभाळून घेतात, अंधारात कान फसवतो."

मला धाकटा जॉन केनेडी आठवला. १९६३ साली वडिलांच्या शवपेटीला सॅल्यूट करणारा तीन वर्षांचा मुलगा. आमच्या पिढीनं तो फोटो पाहिलेला आहे. १६ जुलै १९९९ च्या रात्री तो न्यू जर्सीहून स्वतःचं छोटं विमान घेऊन निघाला. सोबत बायको आणि मेहुणी. मार्थाज व्हिनयार्ड बेटावर उतरण्यासाठी तो खाली येऊ लागला. खाली काळा समुद्र, वर धूसर हवा, क्षितिज दिसेना.

अशा वेळी विमान एका बाजूला कलून एकसारखं वळत राहिलं, तर कानातला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळच चाललोय असं वाटतं. विमान खरोखर सरळ केलं, की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं! तेव्हा कानाचं न ऐकता समोरच्या यंत्राचं ऐकायचं असतं. ते शिक्षण त्याचं अर्धवट राहिलं होतं. शेवटी विमान मिनिटाला ४७०० फुटांहून अधिक वेगानं खाली जात होतं. तिघंही गेले. वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

त्या अहवालातली एक नोंद मनातून जात नाही. त्या दिवशी एक प्रशिक्षक सोबत यायला तयार होता. पण हे आपल्याला एकट्यानंच करायचं आहे, असं केनेडी म्हणाला.

एकट्यानं! मागे दोघी बसणार होत्या.

त्याचं वय तेव्हा अडतीस. त्या वयात तसं वाटणं मी समजू शकतो. माझं काय? मी तर सत्तरी ओलांडलेली.

असो. माझं टेंगूळ उतरलं. ही अजून लंगडते, पण बोलत काही नाही. काल रात्री उठलो, तेव्हा दिवे चालू होते. तरी आधी तिला हाक मारली.