तीन सर, एक गुडघा

कोल्हापुरात फुटबॉलला कोणी नाही म्हणत नाही. आमचा 13 वर्षांचा मुलगा तर तीन ठिकाणी खेळतो: शाळेच्या संघात, तालमीच्या लहान गटात आणि रविवारी कोचिंगला. तिन्ही सर चांगले, पण एकाने किती पळवलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. ती बेरीज घरातच होऊ शकते.

म्हणून आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिशेब मांडतो. सराव संपून अर्धा तास झाला की विचारायचं, "बेटा, आज किती जड गेलं? शून्य ते दहा." तो सांगेल त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. 90 मिनिटं आणि 6, म्हणजे 540. कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकाची ही रीत; यंत्र काही लागत नाही. आकडा मात्र मुलाचाच हवा, अब्बांनी गॅलरीतून ठरवलेला नव्हे!

गेल्या महिन्यात शाळेचे सामने आणि तालमीची स्पर्धा एकत्र आली. आठवड्याची बेरीज 1,600 वरून 2,700 वर गेली. "अम्मी, काही दुखत नाही," म्हणाला. जिना मात्र कठड्याला धरून उतरत होता. उंची वाढायच्या वयात गुडघ्याखालचं हाड कोवळं असतं, मांडीचा स्नायू तिथेच ओढ देतो. आम्ही कॅलेंडरच उचलून तालमीत नेलं. सरांनी आकडे पाहिले आणि त्याला आठवडाभर बाकावर बसवलं. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

रोज्यात तीच 60 मिनिटं त्याला 5 ऐवजी 8 वाटतात. यंदाच्या रमजानसाठी आम्ही झोपेचा रकानाही आखून ठेवला आहे.