मामा तलावावरची रात्र

कार्तिकातली अमावास्या. कारध्याला वैनगंगा ओलांडली, लाखनी मागे टाकली आणि साकोलीच्या अलीकडे हायवे सोडला. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, मधेमधे धानाचे पुंजणे. कोका-नागझिऱ्याच्या जंगलात रात्री शिरता येत नाही, म्हणून एका गावाचा मामा तलाव गाठला. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधलेले, पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, ताब्यातले हे तलाव. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, नाव राहिलं.

पाळीवर ट्रायपॉड उभा केला, तोंड उत्तरेला. समोर पाणी, वर ध्रुव. भंडारा 21 अक्षांशावर, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून 21 अंशांवर. हात लांब करून वीतभर मोजलं की सापडतो.

ट्रायपॉड जागचा हलत नाही, पण पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. शटर फार वेळ उघडं राहिलं की तारे ओघळतात. जुना हिशेब असा : 500 ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं. माझा सेन्सर लहान, त्यामुळे 18 ची लेन्स 27 ची धरायची. उत्तर येतं 18 सेकंद. मी 15 च ठेवले. हा हिशेब फिल्मच्या काळातला, आताच्या कॅमेऱ्यांपुढे तो फार उदार आहे. कॅमेरा पूर्वेला वळवला, तर तेवढ्या 15 सेकंदांतही मृगातले तीन तारे किंचित लांबले. उत्तरेच्या फोटोत ध्रुव मात्र टिंबच.

मग पुन्हा उत्तर, आता तारे मुद्दाम ओघळू द्यायला. तीस-तीस सेकंदांचे 120 फोटो, ओळीनं, तासभर. पहिले चाळीस वाया गेले, कारण ट्रायपॉडचा एक पाय ओल्या पाळीत हळूहळू खचत होता आणि मी शेकत बसलो होतो. खाली चपटे दगड दिले, लेन्सवरचं दव पुसलं, पहिल्यापासून सुरू केलं.

पुंजण्यांच्या राखणीला आलेले एक आजोबा टॉर्च घेऊन पाळीवर चढले. टॉर्च विझवायची विनंती केली, त्यांनी लगेच विझवली.

“काहाचे फोटू काढून रायले जी? अंधाराचे?”

स्क्रीनवर मृग दाखवला. “हे तं तिकांडं!” म्हणाले. उत्तरेला का धरलंय तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. “ध्रुव कुठं हालते? अढळ हाय तो.”

मीही हो म्हणालो.

घरी 120 फोटो एकावर एक चढवले. तारे कंसाकंसांनी फिरलेले, काहींचे कंस पाण्यातही उतरलेले. ध्रुव मोठा करून पाहिला, तर तिथेही रेघ! नखाच्या कोरीएवढी, पण रेघच. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे, त्यामुळे त्यालाही फिरावं लागतं.

तो तुकडा मोठा करून छापून घेतलाय. पुढच्या अमावास्येला आजोबांना द्यायचा आहे.