चिकटवण्याआधी वाचा



नक्कल हा शब्द आपल्याला नवा नाही. सातबाराची नक्कल, फेरफाराची नक्कल, खरेदीखताची नक्कल मिळवण्यात आपल्या कितीतरी पिढ्यांच्या वहाणा झिजल्या. त्या कागदावर 'अस्सलबरहुकूम नक्कल' असे लिहून खाली सही-शिक्का असे. म्हणजे यात काही उणे-अधिक नाही, याची जबाबदारी कोणीतरी अंगावर घेतलेली असे. आज घरोघरी मोबाइल आहे. दिवसातून दहा वेळा आपण नक्कल काढतो, पण तिच्यावर सही-शिक्का कोणाचाच नसतो. त्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात, असे पुष्कळ दिवस मनात होते.

ही युक्ती ज्यांना येत नसेल त्यांच्यासाठी आधी सांगतो. मजकुरावर बोट थोडा वेळ दाबून धरा. शब्दाला रंग चढतो आणि दोन्ही टोकांना दोन खुणा दिसतात. त्या ओढून हवा तेवढा मजकूर घ्या आणि 'कॉपी' दाबा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपावर बोट दाबून धरले की बहुधा सगळाच निरोप उचलला जातो. मग जिथे मजकूर हवा तिथे पुन्हा बोट दाबून 'पेस्ट' म्हणा. झाले काम! मात्र एक लक्षात ठेवा. साधारणपणे शेवटी जे कॉपी केले असेल तेच उमटते. मध्येच दुसरे काही उचलले असेल, तर भलतेच चिकटते.

ही कल्पना अमेरिकेत १९७० च्या दशकात निघाली. आपल्या तालुक्याच्या गावी 'झेरॉक्स' म्हणून जे नाव घेतो, त्याच झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी संगणकावर ती बसवली. छापखान्यात पूर्वी कात्रीने कागद कापून गोंदाने चिकटवत, त्यावरूनच हे नाव आले. टेस्लर २०२० साली वारले. त्यांची कात्री आणि गोंद मात्र आज तुमच्या-आमच्या खिशात आहेत.

याचे फायदे मोठे आहेत. बँकेचा आयएफएससी क्रमांकच घ्या. तो ११ अक्षरांचा असतो आणि त्यात पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. हाताने लिहिताना पुष्कळजण तिथे इंग्रजी 'ओ' लिहितात आणि अर्ज अडकतो. कॉपी केले तर ही चूक होत नाही. औषधाची माहिती इंग्रजीत आली, तर ती उचलून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये चिकटवली की मराठीत अंदाज येतो. अंदाजच म्हणतो हं! मात्रा ठरवायची ती डब्यावरच्या लेबलवरूनच.

आता मुद्द्यावर येतो. मागे एकदा पावसाळ्याच्या तोंडी एक भगिनी माझ्याकडे आल्या. घरी दोन एकर कपाशी, उगवून महिना झालेला. रान तणाने भरलेले आणि मजूर मिळेना. यजमानांना गावच्या ग्रुपवर तणनाशकाचा निरोप आला होता. औषध आणले होते, पंपही भरायला घेतला होता. बाईंनी निरोप दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "साहेब, यात पिकाचं नावच नाही. मग हे नक्की कशासाठी?"

मी पाहिले तर औषध होते २,४-डी. निरोप मुळात उसासाठी होता. पुढे पाठवताना कोणीतरी वरच्या दोन ओळी गाळल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर पिकाचे नावही गेले होते. हे औषध रुंद पानाच्या तणांवर चालते आणि कपाशी स्वतःच रुंद पानाची! या औषधाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पाने आकसून निमुळती होतात आणि झाडाची वाढ खुंटते. त्याचा फवारणी पंपसुद्धा कपाशीला वापरू नये, असे आम्ही सांगतो. तो पंप रानात गेला असता, तर बियाणे, खत आणि हंगाम सारेच गेले असते. बाईंच्या एका प्रश्नाने दोन एकर वाचले.

मंडळी, इथे आणखी एक गोम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जसाच्या तसा पुढे ढकलला, की त्यावर 'फॉरवर्डेड' अशी खूण येते. २०१८ पासून ही सोय आहे. ती पाहून माणूस थोडा सावध होतो. पण तोच मजकूर कॉपी करून पेस्ट केला, तर खूण पुसली जाते आणि तो पाठवणाऱ्याचाच शब्द वाटतो. 'आपल्या आबांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार,' असे भावकी म्हणते. आबांना बिचाऱ्यांना पत्ताही नसतो की आपण जामीन राहिलो आहोत!

मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही फवारणीचे प्रमाण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहीत असू. शेतकरी ते वहीत उतरवून घेत. लिहिता लिहिता कोणीतरी हमखास विचारी, "साहेब, हे पंपाला का एकराला?" हाताने लिहिताना डोकेही चालते. बोटाने चिकटवताना ते चालायचे राहून जाते. जुने दिवस परत आणा असे मी म्हणत नाही. तो प्रश्न तेवढा राहू द्या.

समजा, शिफारस १० लिटर पाण्याला ४ ग्रॅमची आहे. तुमचा पंप १५ लिटरचा असेल तर ६ ग्रॅम लागेल. निरोपात नुसते 'पंपाला ४ ग्रॅम' उरले, तर कीड मरत नाही आणि पैसा वाया जातो. उलट झाले तर त्याहून वाईट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण औषध, मात्रा आणि मिश्रण हा थट्टेचा विषय नाही, एवढे त्या वर्षाने शिकवले.

म्हणून निरोप पुढे चिकटवण्याआधी त्यात पाच गोष्टी आहेत का पाहा: पीक कोणते, कीड किंवा तण कोणते, औषधाचे पूर्ण नाव व टक्केवारी, मात्रा किती पाण्याला, आणि निरोप कोणी व कोणत्या तारखेला दिला. यातली एक जरी नसेल, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबवा. मूळ निरोपातली एकही ओळ गाळू नका. शंका आली तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, किंवा १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. आणि औषध आणण्यापूर्वी तो निरोप घरातल्या लक्ष्मीला किंवा शाळेत जाणाऱ्या लेकराला मोठ्याने वाचायला सांगा. ऐकताना राहिलेली गोष्ट चटकन कानाला खटकते.

बियाणे आपण पारखून घेतो, बैल दात पाहून घेतो. शब्दही तसाच पारखून घ्यावा आणि पारखूनच दुसऱ्याला द्यावा. तुमच्या नावाने गेलेल्या शब्दावर कोणाचे तरी रान उभे असते.