समुद्रकाठची शाळा

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेंट डोनॅट्स नावाचा एक मध्ययुगीन किल्ला उभा आहे. त्याच्या पायथ्याशी ब्रिस्टलच्या खाडीच्या लाटा आदळत असतात. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर चढते. येथे ते त्याच्या जवळजवळ दुप्पट चढते आणि ओसरते तेव्हा गोटे व खडक उघडे पडतात. अशा बेभरवशाच्या समुद्राकाठी शाळा काढावी, असे कोणा शहाण्या माणसाच्या मनात यायचे नाही. ते कुर्ट हान यांच्या मनात आले.

हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली त्यांना तुरुंगवास घडला. सुटकेनंतर त्यांनी ब्रिटनचा आश्रय घेतला. पुढे दुसरे महायुद्ध होऊन गेले. १९५५ साली पॅरिसमधील एका लष्करी महाविद्यालयात त्यांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. दहा-बारा वर्षांपूर्वी परस्परांवर तोफा डागणाऱ्या राष्ट्रांचे अधिकारी तेथे एकत्र बसून शिकत होते! केस पिकू लागलेल्या सैनिकांना जे साधते, ते सोळा वर्षांच्या मुलांना का साधू नये?

या विचारातून १९६२ साली त्या किल्ल्यात अटलांटिक कॉलेज सुरू झाले. आरंभी बारा देशांतील छप्पन्न मुले तेथे आली. एकेका खोलीत निरनिराळ्या देशांची मुले राहू लागली. खिडकी उघडी ठेवावी की बंद, एवढ्यावरूनही अशा खोलीत वाद व्हायचेच. परंतु केवळ एकत्र राहिल्याने मने जुळतात, यावर हान यांचा विश्वास नव्हता. संकटात सापडलेल्याला वाचविण्यासाठी माणसे एकत्र धावली, की ती एकमेकांना खरी ओळखतात, असे त्यांचे मत होते. म्हणून अभ्यासाइतकेच सेवेलाही तेथे महत्त्व दिले गेले. १९६३ पासून तेथील जीवरक्षक होडी विद्यार्थीच चालवू लागले.

पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर हे नौदलातील निवृत्त अधिकारी होते. शाळेच्या रबरी होड्यांचे कापडी तळ किनाऱ्यावरच्या गोट्यांवर घासून फाटत. दुसरा एखादा नव्या होड्या मागवून मोकळा झाला असता. होर आणि त्यांचे विद्यार्थी मात्र करवत व डिंक घेऊन बसले. त्यांनी तळाला लाकडी फळी चिकटवून पाहिली. ती टिकेना, तेव्हा दुसरी रचना केली. असे वर्षानुवर्षे चालले. अखेर कठीण तळाची आणि भोवती हवेने फुगलेल्या नळ्यांची होडी सिद्ध झाली. आज जगभर, आपल्या तटरक्षक दलातही, या जातीच्या होड्या वापरल्या जातात. होर यांनी त्या शोधाचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला अवघ्या एका पौंडाला देऊन टाकले आणि तो एका पौंडाचा धनादेशही कधी वटविला नाही.

१९६७ साली मुलींनाही प्रवेश मिळाला. दोनच वर्षांनी नॉर्वेची एक अठरा वर्षांची विद्यार्थिनी त्या संस्थेच्या किनारी जीवरक्षक होडीवर काम करण्यास पात्र ठरली. हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री. तोवर हे काम पुरुषांचेच मानले जाई. पण बुडणारा मनुष्य हात देणारा कोण, हे थोडेच पाहतो?

पन्नास वर्षांनी, २०१३ साली, ते जीवरक्षक केंद्र बंद झाले. शाळा मात्र चालू आहे. २०२२ साली तिला साठ वर्षे पूर्ण झाली. तिच्या भगिनी-संस्था आता अनेक देशांत आहेत. त्यांतील एक १९९७ पासून पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातील एका टेकडीवर आहे. तेथेही देशोदेशींची मुले-मुली एकत्र राहतात आणि भोवतालच्या गावांत काम करण्यासाठी जातात. समुद्र तेथून दूर आहे. पण सह्याद्रीचा मुसळधार पाऊस आहे, चिखलाच्या वाटा आहेत, आणि त्या वाटांच्या टोकाशी गावे आहेत.